रणझुंजार बँडची कानतपासणी

“ह्याला शांतता लागते,” तो पोरगेलासा साहेब म्हणाला, आणि आमच्या घरचे सगळे एकदम ओरडले, “काय लागतं?”

साहेब दचकून दोन पावलं मागं सरला. मागं भिंत होती आणि भिंतीला जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं स्वतःच ती सोय केली होती. पूर्वी त्या खोलीत दवाखान्याची मोडकी स्ट्रेचरं ठेवत. आता दारावर पाटी होती, ‘नवजात बालकांची श्रवण तपासणी. शांतता राखा.’ आणि त्या दाराच्या आत आमचं घर उभं होतं. माझे सासरे, म्हणजे मामा. सासूबाई, म्हणजे आत्या. माझा नवरा भारत, आणि मामांचे धाकटे भाऊ खंडूनाना. मी खाटेवर बसले होते आणि माझ्या मांडीवर नुकतंच जन्मलेलं पोर झोपलं होतं. आम्हांला घरी सोडायचा तो दिवस होता.

“शांतता,” साहेब पुन्हा मोठ्यानं म्हणाला. त्याचं नाव टाकसाळे. ओठांवर मिशी नुकती यायला लागलेली. “बाळाच्या कानात हे रबराचं बोंडूक ठेवायचं. मशीन आत बारीक आवाज सोडतं. कान चांगला असेल तर तो उलटा आवाज परत देतो. तो इतका बारीक असतो की आपल्याला ऐकू येत नाही, फक्त मशीनला कळतो.”

“कान आवाज परत देतो?” मामांनी विचारलं.

“देतो.”

“मग माझ्या कानातनं तर आख्खी वरात भाईर पडाय पायजे.”

सगळे हसले. टाकसाळे सर हसले नाहीत. त्यांनी हात जोडले. ते हात बघून मामांनी तोंडावर बोट ठेवलं आणि बाकीच्यांना “गप्प बसा की रं!” म्हणून असं दरडावलं की पलीकडच्या खोलीतली दोन बाळं रडायला लागली.

हे सगळं मुद्दाम नव्हतं, हे सांगायला पाहिजे. मामा म्हणजे हणमंत मास्तर, रणझुंजार ब्रास बँडचे मालक आणि ट्रंपेटवाले. खंडूनाना क्लॅरोनेट वाजवायचे, माझा नवरा मोठा ढोल. माणदेशात आमच्या बँडशिवाय लग्न लागत नसे, असं मामा म्हणायचे. त्या घरात मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं की इथं सारखी भांडणं चालतात. नंतर लक्षात आलं, ते एकमेकांना चहा विचारत होते.

बऱ्याच वेळानं, पंखा बंद करून, खिडकीत चादर कोंबून, खंडूनानांना बाहेर घालवून, ती तपासणी झाली. टाकसाळे सरांनी एक कान बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला. मशीनवर इंग्रजीत एक शब्द उमटला.

“रेफर,” सर म्हणाले.

“म्हंजे पास का नापास?” मामांनी विचारलं.

“दोन्ही नाही. म्हणजे पुन्हा तपासायला हवं. कधी कधी बाळंतपणातलं पाणी कानात राहिलेलं असतं. महिनाभरानं या. पण याच हं, नक्की या.” शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं.

“पानी हाय कानात,” आत्यांनी बाहेर जाऊन सगळ्यांना जाहीर केलं, आणि आम्ही टेम्पोत बसून घरी आलो.

बाळाचं नाव समाधान ठेवलं. नाव त्याला शोभतंय, असं सगळे म्हणायचे, कारण तसलं शांत पोर कुणी बघितलेलं नव्हतं. आमच्या ओसरीला लागूनच पत्र्याची शेड होती आणि तिथं बँडची तालीम चालायची. ट्रंपेट, क्लॅरोनेट, झांजा, ढोल. शेजारची म्हैस पान्हा चोरायची, पण समाधान झोपलेला. आत्या आल्यागेल्याला दाखवायच्या. “बगा, बगा. आज्जा कानाशी तुतारीवानी वाजवतोय आन् ह्यो झोपलाय! बँडवाल्याचं रगत हाय त्यात.” बायका त्याची दृष्ट काढून जायच्या.

माझ्या हातातून एकदा स्टीलचं ताट फरशीवर पडलं. मीच दचकले. समाधान जागा होता, माझ्या साडीच्या काठाकडं बघत होता. बघतच राहिला.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “पोटात असल्यापास्नं ढोल ऐकतोय त्यो. ताटाला काय दाद देईल?”

पटण्यासारखं होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी त्याच्यामागं उभी राहून डबा वाजवला, टाळी वाजवली, हाक मारली. मग आत्यांनी मला बघितलं आणि विचारलं, “पोराच्या पाठीमागं काय नाचतीयास?” तेव्हा मला ते बोलावंच लागलं. आत्यांनी ते मामांना सांगितलं, म्हणजे गल्लीला सांगितलं, कारण मामांना सांगायचं तर तेवढा आवाज लागायचाच.

मामा चिडले नाहीत. त्यांनी त्याचा सोहळा केला. “आमच्या नातवाला ऐकू येत न्हाय म्हनत्यात. चला, गावादेखत बगू.”

संध्याकाळी अंगणात वाकळ अंथरली. वाकळेवर समाधानला निजवलं. भोवती आख्खा बँड उभा राहिला आणि त्यांच्याभोवती आळी. मामांनी हात वर केला आणि ह्यांनी जमिनीवर टेकवलेल्या ढोलावर काठी मारली. समाधाननं दोन्ही हात फेकले, डोळे मोठे केले, अंग आक्रसून घेतलं. पुन्हा काठी, पुन्हा हात. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आत्यांनी गूळ वाटला. मामांनी माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत असं हसून दाखवलं की मलाही हसू आलं. ती आख्खी संध्याकाळ मी गुळासारखीच गोड झाले होते. पोराचा पापा घेत होते आणि स्वतःला वेडी म्हणत होते.

दोन-तीन दिवसांनी हे आत बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. समाधान आढ्याला बांधलेल्या झोळीत होता. जागा. पत्र्याच्या भोकातून कवडसा येत होता, त्याच्याकडं बघत होता. ह्यांनी ताण बघायला काठी मारली. मी बघितलं, समाधानची पापणी हलली नाही.

“पुन्हा मारा,” मी म्हणाले.

ह्यांनी मारली. पोर कवडशाकडंच बघतंय.

मी त्याला झोळीतून काढलं आणि जमिनीवर पटकुरावर ठेवलं. “आता मारा.”

काठी पडली आणि समाधान दचकला.

उचलून पुन्हा झोळीत ठेवलं. काठी. काही नाही.

ह्यांचा हात हवेतच राहिला. मग ह्यांनी ढोलावर पुन्हा काठी मारली आणि दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीला लावून बघितला, जसा आपण ताप बघायला कपाळाला लावतो. “जमीन हादरतीया, वैजू,” हे म्हणाले. “त्याला ऐकू न्हाय येत. त्याला जमीन हादरल्याली कळती.”

मी समाधानला झोळीतून काढून पोटाशी घेतलं. मग दोघांच्याही मनात एकच आलं, मामांना कोण सांगणार? माणूस वाईट नव्हता. पण अंगणातल्या परीक्षेची गोष्ट त्यांनी तोवर तीन तालुक्यांत सांगून टाकली होती. शेवटी आम्ही त्यांना एवढंच म्हणालो की तपासणीची तारीख आलीय.

“मग सगळेच जाऊ की,” मामा म्हणाले. “त्याच दिशी तालुक्यात वरात हाय आपली. जाताजाता त्या साहेबाला बी दावून देऊ.”

असा रणझुंजार ब्रास बँड गणवेशात दवाखान्यात आला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, डोक्यावर तुरेवाल्या टोप्या. फाटकावरच्या शिपायानं मोठं फाटक उघडून सलाम ठोकला आणि हळूच विचारलं, “मंत्री कुठवर आल्यात?” पेशंट उठून उभे राहिले. ज्या म्हातारीला चालता येत नव्हतं ती कुणाचं लगीन हाय ते बघायला व्हरांड्यापर्यंत आली. एका सिस्टरनं ढोल आणि झांजा लिंबाखाली ठेवायला लावल्या, पण ट्रंपेट मामांच्या काखेत राहिला. मामा तो कुणाच्या हातात देत नसत.

टाकसाळे सरांनी दार उघडलं, एवढे लाल कोट बघितले आणि दार परत लावून घेतलं. मी बाहेरून सांगितलं, “सर, मी आहे. तुम्ही बोलावलं होतं.” तेव्हा उघडलं.

मामा आत येणारच म्हणाले. मामा आले म्हणून खंडूनाना आले, आणि मग कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही. सगळे भिंतीच्या गाद्यांना पाठ लावून उभे राहिले. सरांनी मशीन लावलं आणि लगेच काढलं.

“कुणाचं तरी काहीतरी वाजतंय.”

गोंडे वाजत होते. सगळ्यांनी आपापले गोंडे मुठीत धरले.

“आता कुणाचा तरी श्वास.”

सगळ्यांनी श्वास धरला. खंडूनाना क्लॅरोनेटवाले, त्यांचा दम मोठा. त्यांनी तो इतका वेळ धरला की शेवटी खोकल्याची उबळ आली आणि समाधान सोडून सगळे हादरले. सरांनी समाधानकडं बघितलं. मीही बघितलं. तो गाढ झोपला होता.

मग मशीननं दोन्ही कान बघून सांगितलं, रेफर. सरांनी पुन्हा लावलं. रेफर.

“पाणी आता नसतं,” सर माझ्याकडं बघून म्हणाले. “ह्याला मोठ्या तपासणीला न्यायला पाहिजे. लगेच.”

मामांनी सरांचे ओठ हललेले बघितले. “काय म्हंतोय?”

ह्यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि व्हरांड्यातल्या लोकांनीही.

मामांचा चेहरा लालच होता, तो कोटासारखा झाला. “मशीन खराब हाय,” ते म्हणाले.

“मशीन चांगलं आहे.”

“मग मला लाव.”

सरांनी समजावून बघितलं. पण मामांनी टोपी काढली, खुर्चीवर बसले आणि कान पुढं केला. सरांनी मोठं बोंडूक बसवलं. रेफर. दुसऱ्या कानाला. रेफर.

“बगा!” मामा विजयानं उठले. “ह्या कानानं मी हयातभर बँड चालवला, आन् हे म्हनतंय मला ऐकू येत न्हाय! खराब हाय का न्हाय?”

सर म्हणाले, “मास्तर, तुम्हाला खरंच…”

“काय?”

सरांनी बोंडूक पुसायला घेतलं.

मग खंडूनाना बसले. रेफर. झांजवाले बसले. रेफर. बाजूचा ढोलवाला, सॅक्सोफोनवाला, एकेक येऊन खुर्चीवर बसत होता, कान पुढं करत होता आणि रेफर होऊन उठत होता. जसजसा आकडा वाढत गेला तसा मामांना आनंद होत गेला. त्यांना वाटत होतं आपण मशीनला खोटं पाडतोय. माझे हे बसले तेव्हा डावा कान पास झाला आणि उजवा रेफर. ढोल ह्यांच्या उजव्या अंगाला असायचा. मला एकदम आठवलं की लग्नापासून मी ह्यांच्या उजव्या बाजूला निजत होते, आणि संसाराच्या सगळ्या गोष्टी ह्यांना त्याच कानात सांगत होते.

“तुम्हाला माझं काही ऐकू यायचं नाही का?” मी विचारलं.

“हूं म्हनायचो की,” हे म्हणाले.

तेवढ्यात दार आपटत मोठे डॉक्टर आले. दवाखान्याचे मुख्य. निवृत्तीला आलेले, रागीट. “हा काय तमाशा आहे? ही बँड ठरवायची जागा आहे का?” मामांना शब्द कळले नाहीत, पण माणूस शिकलेला आहे हे कळलं. त्यांनी डॉक्टरांचा हात धरून त्यांना प्रेमानं खुर्चीवर बसवलं. “सायेब, तुमीच न्याय करा. तुमचा तरी कान बघू द्या ह्याला.” डॉक्टरांना वाटलं एकदा बसलं की ही माणसं जातील. बसले.

रेफर.

खोलीत खरोखरची शांतता झाली. टाकसाळे सर मशीनकडं बघत राहिले, साहेबांकडं बघायचं धाडस त्यांना होईना.

“दुसरा बघ,” डॉक्टर म्हणाले. दुसराही तसाच निघाला. डॉक्टर हळूच म्हणाले, “मशीन खराब असेल का रे?”

“हेच! हेच म्हनतोय मी!” मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मला राहवेना. “मला लावा,” मी म्हणाले. सरांनी लावलं. डावा पास, उजवा पास. हिरवी अक्षरं.

मामांनी हिरव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. “तिचं धरू नगा. तिचं कान म्हायेरचं हायेत.”

आता काय करायचं ते कुणाला सुचेना. बाहेर कुणीतरी वरातीचा माणूस मास्तर कुठं आहेत म्हणून ओरडत होता. दारात गर्दी झाली होती. गर्दीच्या पुढं ती म्हातारी होती, लग्न बघायला आलेली. पायाच्या पट्टीसाठी आली होती. घरी कुणी नसल्यामुळं शेळीचं करडू पदरात घेऊनच आली होती. करडू तिच्या कमरेवर डोकं टेकून पेंगत होतं.

मामांनी करडाकडं बोट केलं. “ह्याला लाव.”

“अहो!” टाकसाळे सर किंचाळलेच. “हे सरकारी मशीन आहे! लहान बाळांसाठी आहे!”

“हे काय म्हातारं हाय व्हय?”

सरांनी मोठ्या डॉक्टरांकडं आशेनं बघितलं. पण डॉक्टर खुर्चीवर तसेच बसलेले, एक बोट कानात घालून हलवत होते. “लावा,” ते म्हणाले. “मलाही बघायचंय.”

म्हातारीला खाटेवर बसवलं. सरांनी सगळ्यांत लहान बोंडूक शोधलं, ते करडाच्या मऊ लोंबत्या कानात बसेना, मग म्हातारीनं तो कान दोन बोटांनी सरळ धरला. कुणी गोंडे धरायला सांगितले नाहीत. कुणी श्वास धरायला सांगितला नाही. तरी त्या खोलीत इतका शुकशुकाट झाला की मला समाधानच्या नाकातला वारा ऐकू येत होता. मामा मशीनवर वाकले होते.

हिरवी अक्षरं आली. पास.

सरांनी दुसरा कान घेतला. पास.

“तिला काय झालंय?” म्हातारी घाबरून विचारू लागली.

“काही नाही, आजी. तिला चांगलं ऐकू येतं.”

“ते मला ठावं हाय की, बाबा,” म्हातारी म्हणाली. “हाक मारली की येती ती.”

मामांना हे ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते मशीनवरून उठले. माझ्यापुढं आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि समाधानच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हाक मारली, “समाधान!” त्यांचा तो भर चौकातला आवाज. वॉर्डातली बाळं रडली, करडू उडी मारून म्हातारीच्या पदरात शिरलं, बाहेरचा शिपाई धावत आला. “समाधान! ए समाधान!” माझ्या मांडीवरचं पोर मूठ उघडून, ओठ चाटून झोपलेलं होतं.

मामा खाली बसले. फरशीवरच, लाल कोटासकट. ट्रंपेट मांडीवर आडवा. “करडाला येतंय,” ते म्हणाले. आणि परत, “करडाला येतंय रं.”

कुणी हसलं नाही. इतका वेळ सगळा तमाशा चाललेला, पण त्या वाक्याला कुणी हसलं नाही. खंडूनानांनी टोपी काढली.

टाकसाळे सरांनी मशीन बंद केलं आणि मामांजवळ फरशीवर बसले. जो मुलगा सकाळपासून शांततेसाठी हातापाया पडत होता, त्यानं मामांच्या कानाला तोंड लावलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “लवकर कळलंय, मास्तर! लवकर कळलंय! अजून तो बोलायला शिकायचाय! कानाला यंत्र लावता येतं! लवकर लावलं तर तो बोलेल!”

“काय?”

“बोलेल! तो! बोलेल!”

आख्ख्या दवाखान्यानं ते ऐकलं. व्हरांड्यातल्या एका बाईनं तर टाळी वाजवली.

मामा उठले तोवर नवरदेवाचा चुलता आत घुसला होता. नवरदेव उन्हात घोड्यावर वाळतोय आणि बँड दवाखान्यात काय करतोय, असं तो विचारत होता. मामांनी कोट झटकला, टोपी घातली आणि बाहेर पडले. त्या दिवशीच्या वरातीची गोष्ट लोक पुढं बरेच दिवस सांगायचे. मास्तरांनी नवरीच्या दारापर्यंत असं वाजवलं की वऱ्हाडणी रडल्या. ह्यांनी मला खरं सांगितलं. मामांनी नाचाचीच गाणी वाजवली होती, पण इतकी संथ वाजवली की घोडासुद्धा मान खाली घालून चालला.

पुढची मोठी तपासणी शहरात झाली. समाधानच्या डोक्याला तारा चिकटवून, त्याला निजवून. तिथल्या मॅडमनी सांगितलं, दोन्ही कानांना फार थोडं येतं. आधी यंत्र, मग वाढीप्रमाणं पुढचं बघू. पुढं त्याचं ऑपरेशनही झालं, आज तो कॉलेजात जातो आणि माझ्याशी भांडताना एकही शब्द अडत नाही. पण ते फार पुढचं. तेव्हा मॅडमनी एक गोष्ट बजावली. यंत्र चांगला आवाज वाढवतं तसा गोंगाटही वाढवतं. घरात शांतता ठेवा. त्याच्यासमोर बसून, त्याला तोंड दिसेल असं, हळू आणि स्पष्ट बोला.

मामांनी हुकूम काढला. तालीम घरापासून लांब माळावर गेली. आणि घरात कुणी ओरडायचं नाही.

यंत्र यायला वेळ होता, पण सवय आधीपासून लावायची म्हणून त्याच दिवशी सुरुवात झाली, आणि आमचं घर बंद पडलं. सगळे हळू बोलायला लागले आणि कुणालाच कुणाचं ऐकू येईना. मी आत्यांना मीठ मागितलं, त्यांनी पीठ दिलं. मामांनी खंडूनानांना शुक्रवारची सुपारी सांगितली, खंडूनानांनी पानाचा डबा आणून दिला आणि लग्नाला कुणी गेलंच नाही. शेवटी आत्यांनी युक्ती काढली. बोलायचं असलं की समोर जाऊन बसायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडाकडं बघायचं, मग बोलायचं. एवढं करून बोलायचं म्हटल्यावर भांडायला कुणाला उत्साह राहिला नाही. हेसुद्धा माझ्याशी बोलताना आता डाव्या बाजूला येऊन बसायचे. मी जुन्या सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगायला घेतल्या.

एके सकाळी मामा माझ्यासमोर येऊन बसले. खांद्याला हात लावता येईना, सून पडले, म्हणून त्यांनी माझ्यापुढचं ताट बोटानं वाजवलं. “वैजू, त्या मॅडमला म्हनावं, मलाबी यंत्र बसवा.”

मी बघतच राहिले. टाकसाळे सरांनी त्यांना तसं सुचवलं होतं, तेव्हा ते कोट सावरून उठून गेले होते.

“एकट्या पोराच्या कानात दिसलं तर पोरं त्याला चिडवतील,” मामा म्हणाले. “आज्ज्याच्या बी कानात असलं म्हंजे लोक म्हनतील, ह्या घरान्याची रीतच हाय.”

मग दोघांचे कान एकाच दिवशी ठरले. मामांचं आधी बसवलं. मॅडमनी बटण सुरू केलं आणि मामांनी झटकन वर बघितलं.

“काय घरघरतंय हे?”

“पंखा आहे.”

“रोज असाच घरघरतो?”

“रोज.”

मामा पंख्याकडं असे बघत होते, जणू तो इतकी वर्षं त्यांच्या माघारी त्यांच्याबद्दल बोलत होता. मग त्यांनी स्वतःची बाही चोळून बघितली. पायातली चप्पल फरशीवर घासली. आत्यांच्या बांगड्या किणकिणल्या तेव्हा मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, आणि आत्या एकदम लाजल्या.

समाधान माझ्या मांडीवर दूध पीत होता. मॅडमनी त्याच्या दोन्ही कानांवर ती इवलीशी यंत्रं अडकवली, आत मऊ साचे बसवले, आणि बटणं सुरू केली. मला खूण केली. मी त्याच्या तोंडाजवळ वाकले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले. “बाळा,” एवढंच म्हणाले.

तो प्यायचा थांबला. डोळे स्थिर झाले. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खालचा ओठ पुढं आला, थरथरला, आणि त्यानं भोकाड पसरलं. स्वतःच्या रडण्याचा आवाज ऐकून तो आणखी घाबरला आणि आणखी मोठ्यानं रडला.

आत्या धावल्या. ह्यांनी हात पुढं केले. मी त्याला उचलून खांद्याशी घेतलं, पाठीवर थोपटायला हात वर नेला.

“थांबा,” मामा म्हणाले.

त्यांनी हात वर केला होता. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो.

“उगी करू नगा त्याला. जरा रडू द्या.” त्यांचे डोळे मिटलेले होते, मान एका बाजूला कललेली. “म्या त्याला रडताना बगितलंय. ऐकलं न्हवतं.”

समाधान रडत होता. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मामांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकामागून एक दाबली जात होती, सूर शोधत असल्यासारखी. आत्यांनी पदर तोंडाला लावला होता. मॅडमना आमचा तो प्रकार काही कळेना. एवढं लहान मूल रडतंय, आणि घरचे सगळे हात आवरून, गप्प उभे राहून ऐकतायत.

“आवाज थोडा कमी करू का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “हाय तेवढाच ऱ्हाऊ द्या.”